आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, आयटी: जर्मनीचा कुठला व्हिसा कुणाला लागू पडतो आणि सुरुवात कुठून करायची

"जर्मनीला जायचंय, कुठला व्हिसा काढू?" असं विचारणारे खूप भेटतात, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्नच उलटा आहे. व्हिसा आपण पसंत करत नसतो, आपलं सर्टिफिकेट, आपला अनुभव आणि आपली जर्मन भाषा या तिघांवरून तो आपोआप ठरतो. त्यामुळे एजंटच्या ऑफिसात जाऊन "साहेब काहीतरी करा" म्हणण्याआधी घरच्या फाईलमधली कागदपत्रं काढा आणि ती कुठल्या रांगेत बसतात ते बघा. हा लेख त्यासाठीच आहे, थोडा लांब झालाय, पण लाखो रुपयांचा मामला आहे म्हटल्यावर वाचा निवांत.

आधी एक गैरसमज. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याबद्दल करार केला, तेव्हापासून गावोगावी "सरकारच पाठवतंय" अशी हवा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल लोकांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असं जाहीर केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण करार म्हणजे व्हिसा नाही. करारातून गेलात काय आणि स्वतःच्या हिमतीवर गेलात काय, बहुतेकांना भाषेची परीक्षा चुकत नाही, आणि कागदांची तपासणी आणि वकिलातीतला अर्ज तर कुणालाच चुकत नाही.

पहिलं काम: कोर्स किती वर्षांचा होता ते बघा

इथेच निम्म्या लोकांचा निकाल लागतो. चान्सेनकार्टे (नोकरी हातात नसताना तिथे जाऊन ती शोधायचं कार्ड) असो किंवा अनुभवावर मिळणारा वर्क व्हिसा असो, दोन्हीकडे किमान दोन वर्षांचं, आपल्या देशात सरकारमान्य असलेलं शिक्षण लागतं. आता आयटीआयचं बघा. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, मोटर मेकॅनिक हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, म्हणजे दार उघडं. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. म्हणजे वेल्डिंगमध्ये कितीही हात बसलेला असला तरी नुसत्या त्या सर्टिफिकेटवर या दोन रस्त्यांनी जाता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट "वेल्डरला जर्मनीत जबरदस्त डिमांड" म्हणणारा एजंट सांगत नाही. डिमांड आहेच, पण कायदा कोर्सचा कालावधी मोजतो. अशा पोराने आउसबिल्डुंगचा, म्हणजे तिथल्या पगारी प्रशिक्षणाचा, विचार करावा, त्याबद्दल खाली येतंय.

पॉलिटेक्निकवाल्यांचा तीन वर्षांचा डिप्लोमा दोन वर्षांच्या अटीत आरामात बसतो, पण त्याला डिग्री समजून ब्लू कार्डच्या (मुख्यतः डिग्रीवाल्यांसाठीच्या वर्क व्हिसाच्या) मागे लागू नका. इंजिनिअरिंग किंवा इतर डिग्रीवाल्यांनी अनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस उघडावा. त्यात कॉलेजचं नाव शोधत बसू नका, ते बहुतेक सापडणारच नाही. डिग्री देणारं विद्यापीठ शोधा. त्याच्यापुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा असेल आणि तुमची डिग्रीही यादीत समकक्ष म्हणून दाखवलेली असेल तर ती पानं पीडीएफ करून ठेवा, अर्जाला लागतात. डिग्री यादीत नसेल तर झेडएबी या जर्मन संस्थेकडून तुलनापत्र मागवावं लागतं, त्याची फी २०८ युरो. आयटीआय-डिप्लोमावाल्यांनाही चान्सेनकार्टे किंवा अनुभवाच्या व्हिसासाठी याच झेडएबीकडून आपलं शिक्षण भारतात सरकारमान्य असल्याची डिजिटल माहिती घ्यावी लागते.

दुसरं काम: तुमचा रस्ता कुठला

डिग्री आणि नोकरीची ऑफर दोन्ही असेल तर ब्लू कार्ड. २०२५ साली पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि टंचाईचे व्यवसाय किंवा नुकतेच पास झालेले असतील तर ४३,७५९.८० युरो. दर जानेवारीला हा आकडा बदलतो, त्यामुळे अर्जाच्या वर्षाचा आकडाच बघा. आयटीवाल्यांना इथे एक मोठी सवलत आहे जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा तोडीचा अनुभव असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं. बीसीए अर्धवट सोडून कोडिंग करणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ब्लू कार्डला जर्मन भाषेची सक्ती नाही, पण बी १ (भाषेच्या पायऱ्या ए १, ए २, बी १, बी २, सी १ अशा चढत जातात) असेल तर कायमच्या वास्तव्याचा परवाना २७ ऐवजी २१ महिन्यांत मागता येतो.

आयटीआय किंवा डिप्लोमा, आणि सोबत नोकरीची ऑफर असेल तर दोन फाटे. पहिला म्हणजे तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाशी समकक्ष आहे असं मान्य करून घ्यायचं, याला ते आनेरकेनुंग म्हणतात. इंडस्ट्रीच्या ट्रेडसाठी हे काम न्युर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते, कारागिरीच्या ट्रेडसाठी तिथल्या हस्तकला चेंबरकडे जावं लागतं. पूर्ण मान्यता मिळाली तर तरुणांसाठी पगाराची ठराविक किमान अट नाही, तिथल्या माणसाला मिळतो तेवढा पगार असला की झालं. दुसरा फाटा मार्च २०२४ पासून सुरू झालाय. मान्यतेची भानगडच नको, दोन वर्षांचं शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव दाखवायचा. पण मग पगार चांगला हवा, २०२५ साली ही अट ४३,४७० युरो होती. कंपनी कामगार संघटनेच्या करारानुसार पगार देत असेल तर यात सूट मिळते. नवीन फिटरला पहिल्याच नोकरीत एवढा पगार मिळणं सोपं नाही, त्यामुळे मला विचाराल तर ज्याच्याकडे वेळ आहे त्याने मान्यतेचा अर्ज करूनच टाकावा. शंभर ते सहाशे युरोच्या दरम्यान फी जाते, पण नंतर नोकरीचा पर्याय कितीतरी मोकळा होतो.

नर्सिंगचं गणित वेगळं. जर्मनीत नर्स हा परवान्याशिवाय करता न येणारा व्यवसाय, म्हणजे मान्यता सक्तीची, आणि भाषा बी २. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनी ज्या राज्यात नोकरी करायची त्या राज्याच्या खात्याकडे अर्ज करायचा. बहुतेकांना "अमुक विषयात तफावत आहे" असं पत्र येतं. ते पत्र बघून घाबरू नका, तो नकार नाही. त्याच पत्राच्या जोरावर व्हिसा मिळतो, मग तिथे जाऊन एकतर परीक्षा द्यायची किंवा हॉस्पिटलमध्ये ठराविक महिन्यांचं प्रशिक्षण पूर्ण करायचं, तोपर्यंत सहायक म्हणून पगारावर काम करता येतं. एएनएम झालेल्या मुलींना मात्र मी सरळ नर्सिंगची आउसबिल्डुंग सुचवेन.

बारावी झालीय, हातात काही नाही, वय अठरा ते पंचवीस, अशांसाठी आउसबिल्डुंग. आपल्याकडच्या अप्रेंटिसशिपसारखं, फक्त खूप जास्त शिस्तीचं. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, आणि पहिल्या दिवसापासून पगार. पगार कायद्याने किमान ठरलेला आहे, २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो. नर्सिंगमध्ये बरेच ठिकाणी हजाराच्या वर मिळतात. कोर्स दोन ते साडेतीन वर्षांचा, बहुतेक ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणून अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून करायला घ्यायचे. पगार कमी पडला तर आठवड्याला २० तासांपर्यंत बाहेरचं काम करायची परवानगी आहे. पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि कुशल कामगार म्हणून दोन वर्षं काम केलं की कायमच्या परवान्याचा अर्ज. पैशाच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे आणि माझ्या मते सगळ्यात कमी लेखला गेलेला, कारण आपल्याकडे घरच्यांना वाटतं की पोरगा परदेशात जाऊन "परत शिकतोच आहे".

चान्सेनकार्टे: सगळे याच्याच मागे, म्हणून जरा सविस्तर

१ जून २०२४ पासून हे कार्ड सुरू झालं. नोकरी हातात नसताना जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत नोकरी शोधायची परवानगी. त्या काळात आठवड्याला २० तास पार्ट टाइम काम करता येतं, आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करून बघता येतं. पूर्ण मान्यता असेल तर पॉइंट मोजायची गरज नाही. नसेल तर दोन वर्षांचं शिक्षण किंवा डिग्री, शिवाय जर्मन ए १ किंवा इंग्रजी बी २, एवढं असल्यावरच पॉइंट मोजायला सुरुवात होते आणि सहा लागतात.

समजा एक फिटर आहे, आयटीआय दोन वर्षांचं, वय २६, चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत तीन वर्षं झालीत, जर्मन ए २ पास, इंग्रजी बी २. वय ३५ च्या आत म्हणून २. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव म्हणून २. जर्मन ए २ चा १. झाले पाच! इंग्रजी बी २ ला पॉइंट नाही, इंग्रजीचा एक पॉइंट सी १ ला आहे. म्हणजे एका पॉइंटने लटकला. हाच पोरगा जर्मन बी १ करेल तर भाषेचे २ होतात, बेरीज सहा, काम झालं. बी २ केलं तर ३. अनुभव गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर त्याचेही २ ऐवजी ३ मिळतात. अंशतः मान्यता मिळालेली असेल तर एकदम ४. नवरा-बायको दोघंही पात्र असून सोबत अर्ज करत असतील तर १ जास्त.

आता पैशाची बाजू. एक वर्ष नोकरी नाही मिळाली तरी जगता येईल एवढे पैसे दाखवायचे, २०२५ साली महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२. शंभर रुपयांचा युरो धरला तर १३ लाखांच्या वर. हे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे, तिथे गेल्यावर दर महिन्याला ठराविक रक्कमच सुटते. पार्ट टाइम नोकरीचा करार आधीच हातात असेल किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी अधिकृत हमीपत्र दिलं तर ही रक्कम कमी होऊ शकते.

माझं स्पष्ट मत सांगतो. शेत गहाण टाकून किंवा सावकाराकडून १३ लाख उचलून चान्सेनकार्टेवर जाऊ नये. वर्ष संपलं आणि तोपर्यंत नियमात बसणारी नोकरी मिळाली नाही तर परत यावं लागतं, आणि ए १ जर्मनवर फिटरला नोकरी मिळणं फार कठीण, कारण तिथला सुपरवायझर सेफ्टीच्या सूचना जर्मनमध्येच देणार. पैसे घरचे असतील, भाषा बी १ च्या वर असेल, तर जरूर जा. नसेल तर तेच वर्ष इथे बसून बी १ करा आणि इथूनच ऑफर मिळवा.

तिसरं काम: भाषा, आणि ती खरंच शिकणं

पुण्यात बोट क्लब रोडला आणि मुंबईत काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन आहे, तिथली गोएथे परीक्षा सगळीकडे चालते. टेल्क आणि ओएसडी यांची प्रमाणपत्रंही वकिलात मान्य करते. क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट मात्र शून्य कामाचं, कितीही रंगीत असलं तरी. बी १ आणि बी २ ला वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात, आणि एखादा राहिला तर तेवढाच परत द्यायचा. सीट पटकन भरतात, तारीख जाहीर झाली की लगेच बुक करा. "तीन महिन्यांत बी १" वाल्या जाहिरातींना भुलू नका, नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला वर्ष तरी धरून चाला.

चौथं काम: कागद, जिथे आपली मराठी माणसं हमखास अडकतात

नावाचा घोळ. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आयटीआयवर वडिलांचं नाव गायबच, किंवा स्पेलिंग वेगळं. लग्न झालेल्या मुलींचं तर मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं. जर्मन कारकून हे सगळं एकाच माणसाचं आहे असं मनाने धरून चालत नाही. त्यामुळे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, जिथे दुरुस्ती होत असेल तिथे करा, नाहीतर राजपत्रातली नोंद, लग्नाचं सर्टिफिकेट असा जोडणारा पुरावा तयार ठेवा. याला महिने जातात, म्हणून पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

अनुभवाचा पुरावा. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथे काम करणारी निम्मी पोरं कंपनीच्या नाही तर ठेकेदाराच्या रोलवर असतात. काम एका मोठ्या कंपनीत आणि लेटर भलत्याच नावाचं, तेही "हेल्पर" म्हणून. असं लेटर काही उपयोगाचं नाही. लेटरवर पद, तारीख ते तारीख, पूर्ण वेळ काम, आणि नेमकं काय काम करत होतात ते चार ओळींत हवं, जसं की ड्रॉइंग वाचून असेंब्ली, मेंटेनन्स, मोजमाप वगैरे. सोबत पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक जोडा. पीएफची नोंद सरकारी असल्यामुळे ठेकेदार नुसतं लेटरहेड छापून देतो त्यापेक्षा तिचं वजन जास्त. पीएफच कापला जात नसेल तर निदान बँकेत पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट काढून ठेवा.

अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. यावर लोकांनी भरपूर पैसे घालवलेत. जर्मनी भारताचं अपॉस्टिल मानत नाही, त्यामुळे "जर्मनीसाठी सगळ्या कागदांना अपॉस्टिल कंपल्सरी" असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. मराठीतल्या दाखल्यांचं अधिकृत भाषांतर मात्र लागतं.

पाचवं काम: नोकरी शोधणं

जर्मन सरकारच्या रोजगार खात्याचं जॉब पोर्टल फुकट आहे, आणि मेक इट इन जर्मनी नावाची सरकारी वेबसाइट इंग्रजीतही आहे, आपल्या ट्रेडला कुठला व्हिसा ते तिथेही तपासता येतं. बायोडाटा जर्मन पद्धतीचा करा, दोन पानी, मधलं एखादं वर्ष रिकामं असेल तर तेव्हा काय केलं ते लिहून टाका, रिकाम्या जागेचा त्यांना फार संशय येतो. ऑफर आली की कंपनीकडून करारासोबत नोकरीची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरून घ्यावा लागतो, तो कंपनीच भरते, आपण नाही. कंपनीला घाई असेल तर तिला फास्ट ट्रॅकबद्दल विचारा, तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून कंपनी तुमच्या वतीने सगळ्या परवानग्या आधीच मिळवते, आणि मग वकिलातीची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांच्या आत मिळते.

सहावं काम: एजंटला ओळखणं

एजंट वाईटच असतो असं नाही. पण परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचं लायसन्स असावं लागतं, ते ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून दोन मिनिटांत तपासता येतं. लायसन्सवाल्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. पाच-सात लाख "पॅकेज" सांगणारा कुठल्या हिशोबाने सांगतो हे त्यालाच विचारा, आणि पावती मागा, चेहरा बघण्यासारखा होतो. नर्सिंगमध्ये तर चांगल्या जर्मन संस्था खर्च स्वतः करतात. त्या बदल्यात "इतकी वर्षं नोकरी सोडलीस तर इतके युरो भर" असं कलम करारात असू शकतं, सहीच्या आधी ते पान कुणा जाणकाराला दाखवा. आणि टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे वर्क परमिट करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. भारतीय पासपोर्टवर तसं तिथे जाऊन बदलून मिळत नाही.

अर्ज

आता बराचसा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरता येतो, कागद अपलोड करायचे, त्यांनी तपासून ठीक म्हटलं की मुंबईत जाऊन बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायचे. फी ७५ युरो, रुपयांत. मुलाखतीत साधेच प्रश्न असतात, कंपनी कुठली, काम काय, पगार किती, राहणार कुठे, आणि भाषा दाखवली असेल तर दोन वाक्यं जर्मनमध्ये विचारतात. पोहोचल्या दिवसापासूनचा आरोग्य विमा लागतो, साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना लाँग टर्म व्हिसाला चालतो का ते नीट विचारून घ्या.

नकार आला तर? पूर्वी फेरविचाराचा फुकटचा अर्ज करता यायचा, १ जुलै २०२५ पासून तो बंद झालाय. आता एकतर बर्लिनच्या कोर्टात जायचं, नाहीतर नकाराचं कारण वाचून, कमतरता भरून नवीन अर्ज करायचा. बहुतेकांसाठी दुसराच पर्याय व्यवहार्य.

जर्मनी जमत नसेल तर

थोडक्यात सांगतो. जपानला टोकुतेई गिनो नावाचा कुशल कामगार व्हिसा आहे, त्याला जपानी भाषेची एन ४ किंवा जेएफटी बेसिक परीक्षा आणि आपल्या क्षेत्राची परीक्षा लागते, डिग्री लागत नाही, पाच वर्षांपर्यंत राहता येतं. एक वर्षाच्या ट्रेडवाल्यांनी हा जरूर बघावा. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम १८ ते ३० वयाच्या डिग्रीवाल्यांसाठी, लॉटरी पद्धत, वर्षाला ३,००० जागा, खात्यात २,५३० पौंड दाखवायचे, दोन वर्षं मिळतात. लॉटरीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे नाव टाकून मोकळं व्हा, पण त्याच्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका. आखातात जाणाऱ्यांनी पासपोर्टवर ईसीआर शिक्का (ठराविक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते असं सांगणारा) आहे का बघावं. दहावी पास असाल तर पासपोर्ट काढतानाच सर्टिफिकेट जोडा, म्हणजे तो शिक्का लागत नाही. ईसीआरवाल्यांना १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे, दोन वर्षांचे २७५ रुपये, आणि ही पॉलिसी तुमच्या नावाने खरंच निघालीय का ते विमानात बसायच्या आधी स्वतः बघून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.